पेन-शाईची चित्रं छापून आली की काळीकुट्ट का होतात? (बालपुस्तक, गंगेचा पूर)

कागदी_होडी | सोमवार, रात्री 9:40

6 ते 9 वयाच्या मुलांच्या पुस्तकासाठी पेन-शाईची चित्रं चालू आहेत. विषय नाशिकचा, गंगेला (म्हणजे गोदावरीला) येणारा पूर. 24 पानं अधिक कव्हर, मधे पिन. आतली पानं एकाच रंगात, काळ्या. आकार 1/4 क्राऊन, म्हणजे 7.25 × 9.5 इंच. कागद 80 जीएसएम मॅपलिथो.

मूळ चित्रं ए3 वर दीडपट काढली आहेत. पेन 005 नंबरचं (मायक्रॉनसारखं), शेडिंगच्या रेषा साधारण 0.4 मिमी अंतरावर, अंधाऱ्या जागी चार थरांची जाळी. मुळात छान दिसतंय. प्रूफ आलं तर काळाराम मंदिराचं पान आणि घाटाच्या पायऱ्या, दोन्हींचा डांबराचा गोळा झालाय. उजेडातल्या रेषांच्या कडाही कुरतडल्यासारख्या दिसतात. छापखान्याचं म्हणणं, फाइल आली तशी छापली.

अजून दोन अडचणी. दुतोंड्या मारुती (नदीतली दोन तोंडांची मूर्ती) सहा पानांवर आहे आणि दर पानावर वेगळाच दिसतोय. आणि सध्याच्या पावसाळी हवेत टाकाने काढलेली रेघ कागदावर फुटते. जाणकारांनी सांगावं.

---

फर्मा16 | सोमवार, रात्री 10:25

होडीताई, छापखान्याला सोडा, आधी हिशेब मांडू.

005 ची रेघ 0.20 मिमी. रेषांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 0.4. म्हणजे एकाच थरात निम्मा कागद झाकला. दुसरा थर तिरपा टाकला की उरलेल्या निम्म्यातला निम्मा जातो, झाले 75 टक्के. तिसऱ्याला 87.5, चौथ्याला जवळपास 94. मुळातच 94 टक्के काळं आहे ते. उरलेले 6 टक्के पांढरे कण मूळ चित्रात चमकतात म्हणून डोळ्याला जाळी दिसते.

आता लहान करा. दीडपटीवरून खाली आणताना रेघ 0.13 होते आणि दोन रेषांमधली पांढरी फटही 0.13. मॅपलिथो शाई पितो, रेघ दोन्ही बाजूंनी थोडी पसरते. दोन्हीकडून 0.03 धरली तरी फट 0.07 वर आली. चार थरांत ती बुजणारच.

दीडपट मूळ आणि मॅपलिथो असेल तर रेघ 02 किंवा 03 ची (0.30 किंवा 0.35 मिमी), अंतर 1 मिमी. छापल्यावर 03 ची रेघ 0.23 आणि मधे 0.43 ची फट राहते. 02 ने एका थरात 30 टक्के, दोन थरांत 51, तीन थरांत 66. तीनच्या वर जायचं नाही. त्याहून गडद हवं असेल तर सरळ काळं भरा. 66 आणि 100 यांच्या मधलं काही मॅपलिथोवर नीट टिकत नाही.

005 घरातून बाहेर काढू नका असं नाही म्हणत. पापण्या, मांजराच्या मिशा, लांबची पाखरं, ठीक आहे. शेडिंगला नको.

कुरतडलेल्या कडा हा वेगळा रोग. फाइल कशी दिली होती?

---

कागदी_होडी | सोमवार, रात्री 10:41

ग्रेस्केल, 300 डीपीआय, जेपीजी.

---

फर्मा16 | सोमवार, रात्री 11:05

तेच. ग्रेस्केल फाइल प्लेटवर जाताना करड्या भागाचे ठिपके पडतात. रेघेची कड संगणकाला करडी दिसते, म्हणून कडेवर ठिपक्यांची झालर येते. वर जेपीजीने रेघेभोवती कचरा केलेला. रेषाचित्र 1 बिटमध्येच द्यायचं, फक्त काळं आणि पांढरं, छापायच्या आकारात 1200 डीपीआय. मूळ दीडपट असल्याने 800 ला स्कॅन केलं तरी लहान झाल्यावर 1200 भरतं. 600 ला केलं तर 900. तेही चालतं, त्याखाली नको.

स्कॅन मात्र थेट 1 बिटमध्ये करू नका, स्कॅनर आपल्या मनाने ठरवतो. रंगीत किंवा ग्रेस्केल घ्या, लेव्हल्सने कागद पांढरा आणि शाई काळी करा, मग थ्रेशोल्ड, म्हणजे किती गडद असलं की काळं धरायचं तो आकडा. तो वाढवला की रेघ जाड होते आणि फटी बुजतात, कमी केला की बारीक रेघ तुटते. मधे कुठेतरी बसेल, पण सगळ्या 24 पानांना एकच आकडा ठेवा. नाहीतर पान उलटलं की पोराचा चेहरा बारीक-जाड होतो. सेव्ह टिफमध्ये.

कच्चं रेखाटन निळ्या पेन्सिलीने केलं असेल तर रंगीत स्कॅनमधला निळा चॅनल घ्या. निळी पेन्सिल त्यात जवळजवळ नाहीशी होते आणि खोडायचं काम वाचतं.

आणि प्रूफची वाट कशाला बघायची? चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे मूळ चित्र 67 टक्क्यांवर काढा. झेरॉक्समध्ये बुजलं ते छपाईत बुजणार.

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी 7:15

फर्माकाकांनी हिशेब चोख मांडलाय. माझा मुद्दा हातातल्या साधनाबद्दल.

मायक्रॉनसारख्या पेनची रेघ आदि-अंत एकाच जाडीची. म्हणून गडद करायचं तर थरांवर थर चढवावे लागतात. टाकाची रेघ दाब दिला की फुगते, सोडला की निमुळती होते, त्यामुळे एकाच थरात उजेडाकडून अंधाराकडे जाता येतं. नोटा आपल्याच नाशिकरोडला छापतात. 500 च्या नोटेवरचा गांधीजींचा चेहरा भिंगाखाली धरा. चेहरा उभा राहतो तो रेषांवर. गालावर रेघ बारीक होत जाते, सावलीत फुगते, फार तर एखादी जाळी. ते कोरीवकाम आहे, पेनचं नाही, पण शिकण्यासारखं तेच आहे.

निब: सुरुवातीला 'जी' (G) नावाची निब घ्यावी, ती साध्या होल्डरमध्ये बसते, दाब सोसते. क्रोक्विल अगदी बारीक, पण तिची दांडी नळीसारखी गोल असल्याने होल्डर वेगळा लागतो. तो न घेता साध्यात कोंबली तर डुगडुगते आणि शिंतोडे उडतात.

नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो. तो तसाच राहिला तर शाई थेंब धरून गोळा होते, निबेवर पसरत नाही. टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने घासा, धुवा, पुसा. बुडवताना निबेच्या मधल्या भोकापर्यंतच. तोंड बाटलीच्या काठाला टेकवून जादा शाई उतरवा आणि पहिली रेघ नेहमी रद्दी कागदावर.

दाब फक्त आपल्याकडे ओढताना. वर ढकलताना दाबलं की निबेची दोन टोकं कागदाच्या तंतूत अडकतात, सुटताना झटका बसतो आणि नेमका पोराच्या नाकावर थेंब. हात वळवू नका, कागद वळवा. म्हणूनच कागद बोर्डाला चारही बाजूंनी चिकटवून बसणाऱ्यांचं टाकाशी जमत नाही.

---

नांदूरचा_बगळा | मंगळवार, सकाळी 8:50

पावसाळी हवेत रेघ फुटण्याबद्दल. दोष बहुतेक कागदाचा, हवेने फक्त तो उघडा पाडला. कागदाला शाई थोपवण्यासाठी खळ लावलेली असते. स्वस्त कार्ट्रिज कागदात ती कमी असते, त्यात ओल शिरली की शाई तंतूंतून पळते आणि रेघेला मुंग्यांचे पाय फुटतात. टाकासाठी गुळगुळीत ब्रिस्टॉल किंवा हॉटप्रेस घ्यावा. बजेट नसेल तर चांगली आयव्हरी शीट. त्यातही प्रत्येक गठ्ठ्याचा एक कोपरा तपासा: पाच रेषा, एक जाळी, एक भरीव चौकोन, आणि वाळल्यावर खोडरबर.

जून ते सप्टेंबर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. काम चालू असलेलं पान रात्री टेबलावर उघडं टाकू नये. हाताखाली एक कोरा कागद हवाच, तळहाताचा घाम आणि तेल लागलेल्या जागी शाई धरत नाही, रेघ मधेच तुटते.

एप्रिल-मेमध्ये उलट. नाशकातल्या कोरड्या उन्हाळ्यात शाई निबेवरच वाळते. दर दोन-तीन मिनिटांनी ओल्या फडक्याला पुसा, पंखा थेट अंगावर नको. शाई दाट झाली तर डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब, जास्त नाही.

शाई कुठली वापरताय? फाउंटन पेनची असेल तर ती विद्राव्य रंगाची, पाणी लागलं की पळते आणि खोडरबराने फिकी पडते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक घ्या, कॅमलची मिळते. काजळी आणि लाखेच्या जातीची शाई वाळली की पक्की. पण ती चुकूनही फाउंटन पेनमध्ये भरू नका, आत लाख बसली की पेन गेलं. निबेवर सुकलेली असेल तर पाण्याने निघत नाही, स्पिरिटने निघते.

---

पंचवटी_कारंजा | मंगळवार, दुपारी 1:30

काळाराम मंदिरावर थोडं. दगड काळा आहे म्हणून सगळं मंदिर काळं करायचं, हीच चूक. दगडाचा काळा रंग वाचकाला माहीत असतो किंवा मजकूर सांगतो. चित्राने उजेड दाखवायचा.

असं करून बघा. मंदिर तीनच छटांत बसवा: कोरा कागद, एका थराची जाळी, भरीव काळं. उजेडाची बाजू जवळजवळ कोरी. तिथे दगडांच्या सांध्यांच्या रेषा, त्याही सलग नाहीत, दोन सांधे काढा आणि तिसरा गाळा. सावलीच्या बाजूला एक तिरपा थर. छज्जांच्या खालच्या सावल्या, कोनाडे, दरवाजाचा आतला भाग भरीव काळा, तोही पेनने गिरगटून नाही, 2 नंबरच्या ब्रशने. पेनने भरलेलं काळं स्कॅनमध्ये चट्टेदार येतं. शिखराची उजेडाकडची कड सलग बंद करू नका. तुटक ठेवली की आभाळ आत शिरतं आणि मंदिर कापून चिकटवल्यासारखं दिसत नाही.

उजेड कुठून हेही ठरवून घ्या. रामकुंडापाशी गंगा दक्षिणेकडे वळते, पंचवटी पूर्वेला, जुनं नाशिक पश्चिमेला. सकाळचं ऊन पंचवटीच्या अंगाने येणार. सकाळच्या पानात पंचवटीच्या काठावरच्या देवळांचं नदीकडचं तोंड सावलीत हवं, संध्याकाळी उलटं. नाशिकची पोरं या चुका पकडतात बरं का.

---

बोरूबहाद्दर | मंगळवार, दुपारी 2:10

सगळं मान्य, पण पुराच्या पानात ऊन आणणार कुठून? 🙂

---

पंचवटी_कारंजा | मंगळवार, दुपारी 2:35

बरोबर, तिथे सावल्या नकोतच. भरून आलेल्या आभाळात गडदपणा वरून खाली मोजायचा: पायरीचा माथा कोरा, उभी बाजू एका थराची, कोपरा काळा. प्रत्येक पायरीला तेच. ओल्या पायरीच्या माथ्यावर दोन-चार उभे तुटक फटकारे मारले की पाणी चकाकतं.

पाऊस सगळ्या पानभर एकाच कलाने, पट्टीने न मारता. माणसाच्या किंवा छत्रीच्या अलीकडे 1 मिमी थांबायचं, नाहीतर पाऊस माणसाच्या अंगावर ओरखडे काढतो. काळ्यावर पांढरा पाऊस हवा तर पांढरं जेल पेन, किंवा ब्रिस्टॉल असेल तर पक्कं वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने खरवडा. आयव्हरी शीटवर खरवडायच्या भानगडीत पडू नका, पापुद्रा सुटतो.

पुराचं पाणी म्हणजे तळ्याच्या लाटा नव्हेत. मासळीच्या खवल्यांसारख्या लाटा काढल्या की तो शांत तलाव होतो. पूर लांब ओढलेल्या रेषांनी दिसतो. अडथळ्यापाशी रेषा दाटतात, त्याला वळसा घालतात आणि पुढे उलट्या व्ही सारख्या फाकतात. मारुतीच्या वरच्या अंगाला पाणी थोडं चढलेलं, खालच्या अंगाला खळगा. एवढं जमलं की पाण्याला वेगळं शेडिंग लागत नाही.

---

नांदूरचा_बगळा | मंगळवार, रात्री 8:20

मारुती सहा पानांवर सारखा राहत नाही, कारण तो सहा वेळा काढलाय. एकदाच काढायचा.

बटर पेपरवर एक पक्कं रेखाटन करा, दोन्ही तोंडं बाजूने दिसतील असा कोन धरून. त्यावर पाण्याच्या पाच आडव्या रेषा: घोटा, गुडघा, कंबर, छाती, डोकं. शेजारी पायऱ्या आणि एक माणूस मापासाठी. लाइट पॅडवर हाच बटर पेपर प्रत्येक पानाखाली ठेवून इंकिंग करा. कोन, क्षितिज, पायऱ्या एकच, बदलतं ते फक्त पाणी आणि माणसं. नाशकात पूर मारुतीच्या अंगावरच मोजतात, त्यामुळे पोरं पान उलटून आधी तिथेच बघणार. कॅमेरा हलला तर मोजणी बिघडते.

पुढे पाणी काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत न्यायचं असेल तर ते पान वेगळ्या कोनातून करा, तिथे मारुती नको. घंटेला जाळी नको, धातू आहे: भरीव काळं, त्यात कोऱ्या कागदाचा एक उभा वाकडा पट्टा, कड एकदम तीक्ष्ण.

पात्रांचंही तसंच. मुलीची उंची किती डोक्यांची (या वयाला 5 ते 6), समोरून, बाजूने, मागून. वेणी कुठल्या खांद्यावर, फ्रॉकवर किती पट्टे, चपलेचा बंद कसा, सगळं एका शीटवर, आणि ती शीट डोळ्यासमोर भिंतीवर.

---

शिरोरेखा | बुधवार, सकाळी 11:00

मजकुराची जागा कोणी काढलीच नाही अजून. पुस्तक मराठी आहे म्हणून हे विशेष: अक्षरांच्या मागे आडवं हॅचिंग (रेषांचं शेडिंग) कधीही ठेवू नये. शिरोरेखा त्या रेषांत मिसळते, आणि नुकतं वाचायला शिकलेलं मूल अक्षर ओळखतं ते तिच्याखाली लोंबणाऱ्या आकारावरून. आडव्या रेषांत 'प' आणि 'ष' एक होतात, अनुस्वार ठिपक्यांच्या शेडिंगमध्ये हरवतो. आभाळाला पावसाळी पोत दिला असेल तर मजकुराची जागा पूर्ण कोरी ठेवा, सभोवती किमान 8 मिमी.

जागा अंदाजाने सोडू नका. खरा मजकूर खऱ्या टाइपात, समजा 18 पॉइंट, छापून डमीवर (पुस्तकाच्या कच्च्या नमुन्यावर) चिकटवा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार, म्हणून दोन ओळींमधलं अंतर इंग्रजी पुस्तकापेक्षा जास्त लागतं. 18 ला 28 धरा. चार ओळी म्हणता म्हणता पानाचा पाव भाग जातो, आणि तोपर्यंत तिथे वडाचं झाड इंक करून झालेलं असतं.

आणि मुलांचे चेहरे! गालावर जाळी टाकलीत तर सहा वर्षांच्या पोराला दाढी येते. डोळ्याखाली रेघ, नाकापासून ओठाकडे रेघ, दोन्ही दिली की आजोबा. चेहरा कोरा, डोळे भरीव, मुळात 2 मिमीच्या आसपास. गडदपणा केसांत आणि हनुवटीखाली मानेवर.

---

फर्मा16 | बुधवार, दुपारी 12:20

शिरोरेखाताई, दाढीचं वाक्य छापून टेबलावर लावण्यासारखं आहे.

मापं राहिली होती. पान 184 × 241 मिमी. कागदाच्या कडेपर्यंत जाणारं चित्र असेल तर बाहेरच्या तीन बाजूंना 3 मिमी ब्लीड (नंतर कापली जाणारी जादा कड), म्हणजे 187 × 247. दीडपट केलं की 280.5 × 370.5, ए3 वर बसतं. जोडपान ए3 वर मावत नाही, ते दोन वेगळ्या शीटवर काढा किंवा ए2 वर काढून दोन भागांत स्कॅन करा.

पिनच्या पुस्तकात 12-13 हे मधलंच जोडपान एका कागदावर सलग छापतं. बाकी जोडपानांची डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या कागदांवर असते, घडीत 1-2 मिमी इकडेतिकडे होतं. म्हणून चेहरा, नदीकाठाची सरळ रेघ, पुलाचा कठडा मधल्या घडीवर आणू नका. घडीपासून 10 मिमी आत महत्त्वाचं काही नको. पुराचं मोठं दृश्य 12-13 वर घ्या, तिथे बिनधास्त पसरा.

एकरंगी आहे तर काळा म्हणजे फक्त काळाच, 100 टक्के. कव्हर चाररंगी करताना रेषा चार रंगांच्या मिश्रणात गेली तर प्लेट केसभर सरकली तरी रेघेला रंगीत सावली येते. रेघ काळ्या प्लेटवर वेगळी, खाली रंग वेगळा, आणि काळ्याला ओव्हरप्रिंट, म्हणजे रंग न कापता काळं त्यावरच छापायचं.

---

कागदी_होडी | शुक्रवार, रात्री 10:10

काळारामाचं पान तीन छटांत नव्याने काढलं. 03 पेन, 1 मिमी अंतर, सावलीत दोन थर, छज्जाखाली ब्रशने काळं. 67 टक्क्यांच्या झेरॉक्समध्ये प्रत्येक फट उघडी आहे. मारुती बटर पेपरवर घेतला, सहापैकी तीन पानं जुळली.

एकच: घाटाच्या पानावर बाकी सगळं चांगलं आहे, फक्त खालच्या कोपऱ्यात चार थरांची जाळी आहे. आख्खं पान पुन्हा काढावं लागेल का?

---

बोरूबहाद्दर | शुक्रवार, रात्री 10:45

नाही हो. त्याच जातीच्या कागदाचा तुकडा, चित्रातल्याच एखाद्या जाड रेघेवरून कापून, कडा पॉलिश पेपरने पातळ करून चिकटवा. त्यावर नवीन जाळी. कापलेली कड काळ्या रेघेला लागून असली की स्कॅनमध्ये दिसत नाही, उरलीसुरली सावली थ्रेशोल्डमध्ये जाते. पांढरा पोस्टर कलर लहान डागांनाच वापरा, त्यावर टाक चालवला की निब तो खरवडते आणि शाई पसरते. त्यावर पेनच बरं. ऑफिसातलं करेक्शन फ्लुइड तर नकोच, त्याचा उंचवटा स्कॅनरमध्ये सावली टाकतो.

---

नांदूरचा_बगळा | शनिवार, सकाळी 8:05

चिकटवताना पाण्यासारखा पातळ गोंद नको, कागद फुगतो. ग्लू स्टिक, आणि वर जाड पुस्तक ठेवून रात्रभर. सध्याच्या हवेत दोन रात्री धरा.